लांब खडावा

जालन्याच्या माणसाला बर्फ माहीत नाही असं नाही. उन्हाळ्यात रसवंतीवाला तो पोत्यात गुंडाळून आणतो आणि दांडक्याने फोडतो. लग्नात पाण्याच्या टाकीत त्याच्या लाद्या सोडतात. आणि एखाद्या घरी म्हातारं माणूस गेलं नि मोठा लेक मुंबईहून यायचा असला, तर तिथंही लादी लागतेच. बर्फाशी आपला संबंध एवढाच. म्हणून पाणी अडवण्याचं काम करणाऱ्या एका सरकारी कचेरीत (नाव सांगत नाही, त्यांना आधीच व्याप फार) साहेबांनी जेव्हा साहस शिबिराचं पत्र वाचून दाखवलं की हिमालयात बर्फावर घसरायला शिकण्यासाठी एक कर्मचारी पाठवायचा आहे, तेव्हा सगळ्या कचेरीने एकदम माना खाली घातल्या. कोणाची फाईल सापडेना, कोणाचं पेन टेबलाखाली गेलं.

हात वर झाला तो वरिष्ठ लिपिक बद्रीनाथ लहाने यांचा. साहेबांना वाटलं, माणसाला लघवीला जायचंय. ते म्हणाले, "जाऊन या ना, विचारता काय?"

"सर, हिमालयात," बद्रीनाथराव म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकले.

त्याचं असं होतं की, बद्रीनाथरावांचं नाव आजोबांनी नवसातून ठेवलं होतं. शाळा चुलत्यांनी निवडली, बायको मामांनी पाहिली, नोकरीचा अर्ज ओळखीच्या भुजंगरावांनी भरून घेतला, आणि जालन्याच्या मस्तगडातलं घर भुजंगरावांच्या शेजारी रिकामं होतं म्हणून तेही भुजंगरावांनीच ठरवलं. या सगळ्या निवडी उत्तम निघाल्या, हीच खरी अडचण. तक्रार करायलाही जागा नव्हती. पण लहानपणी गावाकडं, हसनाबादच्या घरी एक कॅलेंडर होतं आणि त्यावर पायांना दोन फळ्या बांधून पांढऱ्या डोंगरावरून खाली येणारा एक माणूस होता. त्याला कोणी पाठवलेलं दिसत नव्हतं. तो आपला आपण निघाला होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी बद्रीनाथरावांना आयुष्यात एकदा, एकच गोष्ट, आपली आपण करायची होती.

घरी सांगितलं तेव्हा द्वारकाबाई तांदूळ निवडत होत्या.

"घसरायला?" त्या म्हणाल्या. "घसरायला दिल्लीच्या पल्याड कशाला जायला लागते? आपल्या मोरीत काय कमी घसरता तुमी? मागल्या दिवाळीला तर बादलीसकट गेल्ते."

हा विषय इथंच संपला असता, पण भिंतीच्या पलीकडून भुजंगरावांच्या गिरिजाबाई आल्या. मस्तगडातल्या भिंती आवाजाला आडकाठी करीत नाहीत.

"कोन्या गावाला म्हन्ले भाऊजी?"

"जोशीमठ. अन् तिथून थोडं वर. औली म्हणून हाय."

"अगं बाई! ती तर बद्रीकेदाराची वाट! द्वारका, तुझा मालक बद्रीयात्रेला चालला अन् तू मोरीचं काय सांगून राह्यली?"

"वहिनी, यात्रा न्हाई हो. खेळ हाय. अन् देऊळ हिवाळ्यात बंद असते."

"बंद असलं म्हून देव कुठं जातो? तुमचं हापिस रविवारी बंद असते म्हून पगार थांबते का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने दूध मापून कॅन खाली ठेवला आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला. दूधवाला साठीच्या पुढचा. मग इस्त्रीवाल्याने लावला. आपल्याकडे मोठ्या यात्रेला निघालेला माणूस म्हणजे संसारातून एक पाय काढलेला माणूस. त्याच्या पाया पडायचं, त्याच्याजवळ देवासाठी सुपारी द्यायची, तो परत आला की मावंदं घालून गावजेवण करायचं आणि त्याने आणलेलं तीर्थ घ्यायचं. एरवी बद्रीनाथरावांनाही ही रीत आवडायची. पण कॅलेंडरवरच्या माणसाच्या पाया कोणी पडत नव्हतं. आपण तरुणपणाकडे घसरायला निघालो आणि लोकांनी आपल्याला म्हातारपणात नेऊन बसवलं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

आता सामान. कचेरीत आलेल्या पत्रात साधं होतं: फळ्या आणि बूट तिथं मिळतील. गरम कपडे, मोजे, काळा चष्मा आणि पाठीवरची पिशवी प्रत्येकाने आपल्या पसंतीने आणावी. 'आपल्या पसंतीने' हे शब्द बद्रीनाथरावांनी पुन्हा पुन्हा वाचले. तेवढ्यात भुजंगराव आले.

भुजंगराव हे निवृत्त नाझर. नाझर म्हणजे कचेरीतल्या कपाटांपासून टाचण्यांपर्यंत सगळ्या सामानाचा कारभारी.

"हे बघा," ते खुर्ची ओढून म्हणाले, "मानूस कुठंबी जाऊ शकते. सामान बराबर पायजे. मी जिंदगीभर सामान सांभाळलं. कुठं गेलो न्हाई ही गोष्ट अलग. अन् तिथं मिळणाऱ्या सामानाच्या भरवशावर बिलकुल राहू नका. ते सरकारी असणार. सरकारी सामान कसं असते हे मला नका सांगू, मीच देत होतो."

'माझं मला ठरवू द्या.' एवढंच वाक्य बद्रीनाथरावांच्या ओठावर आलं होतं. पण ज्या माणसाने आपल्याला नोकरी लावली त्याच्यासमोर ते बाहेर पडेना. त्यांनी ते गिळलं आणि चहा मागवला.

हिवाळ्यात गावात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात, तिकडे दोघं गेले. पहिल्याच दुकानात समोर एक लाल जाकीट टांगलेलं होतं. लाल म्हणजे कसं, पिकल्या मिरचीसारखं. बद्रीनाथरावांनी त्याची बाही हातात घेतली आणि सोडेनात. आजवर त्यांनी बिस्किटी, राखाडी आणि फिक्कट निळ्या रंगाच्या पलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"लाल अच्छा है साब," दुकानातली बाई म्हणाली. "बरफ में दूर से दिखता है. खो गया तो जल्दी मिल जाता है."

"पन हरवायचं कशाला मी म्हन्तो?" भुजंगराव म्हणाले. "लाल घालून हरवण्यापरीस तपकिरी घालून न हरवलेलं बरं. अन् या वयात लाल? यात्रेला? लोक काय म्हन्तील?"

तपकिरी कोट घेतला. तो इतका जड होता की खुंटीला टांगला तर खुंटी वाकली. येताना बद्रीनाथरावांनी दोनदा मागे वळून पाहिलं. लाल जाकीट वाऱ्यावर हलत होतं.

पाठीवरच्या पिशवीच्या जागी भुजंगरावांनी स्वतःचा लग्नातला, अंथरूण गुंडाळून बांधायचा होल्डॉल दिला आणि त्याला बैलाच्या जुन्या पट्ट्यांचे दोन बंद शिवून घेतले. चष्मा त्यांनी ओळखीच्या लोखंडी सळयांच्या मिलमधून आणला, वेल्डिंगचा. तो घातला की भर दुपारी समोरचे भुजंगराव दिसेनासे होत. त्या चष्म्यात हा एक गुण होता.

बुटांचं प्रकरण मात्र कचेरीत शिरलं. भुजंगरावांच्या मते बर्फात गमबूट हवेत, आणि गमबूट कचेरीच्या भांडारात पडून होते. भांडारपाल पुंजाराम हा सज्जन माणूस, पण नियमाचा पक्का.

"साहेब, गमबूट पुराच्या ड्यूटीसाठी हायेत. पूर कुठं आला?"

"पूर न्हाई रे. बर्फ हाय."

"बर्फाचा हुकूम न्हाई. पाण्याचा हाय."

"अरे, बर्फ म्हंजे पाणीच ना?"

"हे तुमी म्हन्ता. उद्या मला तपासणीत कोन वाचवंल?"

पुंजारामचं म्हणणं बरोबर होतं. बद्रीनाथरावांनी स्वतःच्या हस्ताक्षरात टिपणी लिहिली: 'गोठलेले पाणी हे सदर नियमाच्या प्रयोजनार्थ पाणी समजावे किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.' साहेबांनी ती वाचली, डोकं खाजवलं आणि वर पाठवली. वरच्यांनी आणखी वर पाठवली. जालन्यातून हिमालयाकडे सर्वांत आधी निघाला तो हा कागद.

राहिल्या फळ्या. त्या तिथं मिळणार होत्या. पण भुजंगराव म्हणाले की सरावाशिवाय जाणं म्हणजे जिल्ह्याची बेअब्रू. दोघं मस्तगडातल्याच कचरू सुतारमिस्त्रीकडे गेले. बद्रीनाथराव कागदावर चित्र काढायला लागले, तेवढ्यात भुजंगरावांनी तोंडी ऑर्डर देऊन टाकली. "पायात घालायच्या लाकडी. लांब पायजेत."

"पायात घालायच्या लाकडी म्हंजे खडावाच की," कचरू म्हणाला. "फक्त लांब. बद्रीयात्रेच्या ना? समजलं मला."

त्याने जीव ओतून काम केलं. जुन्या दाराचं सागवान घेतलं, पुढची टोकं होडीसारखी वर उचलली, खाली घासून घासून आरसा केला, अंगठ्यासाठी पितळी खुंट्या बसवल्या आणि टाचेशी बांधायला दोरीची भोकं पाडली. शेवटी कोणी न सांगता दोन्हींवर एकेक कमळ कोरलं. माणसाएवढ्या लांबीच्या त्या खडावा बघायला गल्ली जमली. गिरिजाबाईंनी त्यांना हळदकुंकू वाहिलं. बद्रीनाथराव म्हणाले, "वहिनी, ह्या घसरायच्या हायेत." पण तोवर इस्त्रीवाला त्यांना नमस्कार करून गेला होता.

सराव हसनाबादला, धाकटा भाऊ सर्जेराव याच्याकडे. सर्जेरावच्या घरी माडीपर्यंत वेचणीचा कापूस भरला होता. पांढरा, मऊ, उताराचा. यापेक्षा बर्फाच्या जवळची वस्तू जालना जिल्ह्यात नाही, हा विचार बद्रीनाथरावांचा स्वतःचा होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. कोट, चष्मा, होल्डॉल, खडावा असे नटून ते शिडीने ढिगाच्या माथ्यावर गेले. कोट नि होल्डॉल घातलेला माणूस कापसावर उभा राहिला की काय होतं, हे कोणत्याही कापूसवाल्याने सांगितलं असतं. ते खाली आले नाहीत. ते आत गेले. आधी गुडघे, मग कंबर, मग काळ्या चष्म्यासकट सगळेच. वर फक्त एका खडावेचं उचललेलं टोक आणि त्यावरचं कमळ राहिलं.

"भाऊ! ओ भाऊ! कुठं गेलते?" सर्जेराव कापूस उपसत ओरडत होता. "अहो, आठ दिसात विकायचाय तो!"

बाहेर काढल्यावर बद्रीनाथरावांच्या तपकिरी कोटाला इतका कापूस चिकटला होता की तो पांढरा दिसायला लागला. जमलेल्या बायकांना हा यात्रेआधीचा काही विधी असावा असं वाटलं, आणि त्याही पाया पडल्या. सर्जेरावने कोटाकडे बघून मान हलवली, आतून आपली घोंगडी आणली आणि भावाच्या खांद्यावर टाकली. "ही न्या. कोटाचं काही खरं न्हाई." बद्रीनाथरावांनी तीही घेतली. नाही म्हणायची सवय एका दिवसात लागत नसते.

निघायच्या दिवशी स्टेशनवर हार झाले. खडावा फार लांब म्हणून गाडीत बसल्या नाहीत. गिरिजाबाई म्हणाल्या, राहू द्या, तुमी येईपर्यंत मी पूजा करते. गमबुटांबद्दल वरून उत्तर आलं नव्हतं. द्वारकाबाईंनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि तीर्थासाठी फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या दिला. गाडी हलता हलता त्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "पडू नका. अन् पडले तर सांगू नका."

मनमाडला गाडी बदलून दिल्ली, तिथून बसने डोंगर, आणि मग तो बर्फ आला. बद्रीनाथरावांनी आयुष्यात एवढी पांढरी वस्तू पाहिली नव्हती. ती कोणी आणलेली नव्हती, भुशात ठेवलेली नव्हती, नुसती होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी चष्मा चढवला. वेल्डिंगच्या चष्म्यामुळे ते कोणाला दिसलं नाही.

तिथल्या गढवाली उस्तादांनी त्यांच्याभोवती एक फेरी मारली. कोट, घोंगडी, बैलाचे पट्टे, चष्मा.

"ये सब आपने खुद पसंद किया?" त्यांनी विचारलं.

"नहीं सर," बद्रीनाथराव म्हणाले. इतकं खरं उत्तर त्यांनी बऱ्याच दिवसांत दिलं नव्हतं.

उस्तादांनी भांडार उघडून सगळ्यांना सामान वाटलं. बूट, फळ्या, चष्मे आणि जाकिटं. जाकिटं सगळी लाल होती. निवडायला काही नव्हतंच. बद्रीनाथरावांना रंग विचारला गेला नाही याची रुखरुख लागली, पण त्यांनी चेन गळ्यापर्यंत ओढली आणि ती दिवसभर खाली केली नाही. भुजंगरावांच्या होल्डॉलमधल्या दशम्या सगळ्या तुकडीने खाल्ल्या. घोंगडी पहिल्याच संध्याकाळी उस्तादांनी पांघरून पाहिली आणि अभ्यासक्रम संपेपर्यंत ती त्यांच्याच अंगावर राहिली.

पडण्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ते पुढे पडले, मागे पडले, उभे असताना पडले आणि पडलेले असताना आणखी पडले. कॉलेजातली पोरं त्यांना 'अंकल' म्हणून उठवत. आणि मग एका सकाळी, काय झालं त्यांनाही कळलं नाही, गुडघे आपसूक वाकले, फळ्या सरळ राहिल्या, आणि बद्रीनाथ लहाने उभेच्या उभे खाली निघाले. कानात वारा. दोन्ही बाजूंनी झाडं मागे पळतायत. कोणी ढकललं नाही, कोणी धरलं नाही. खाली आल्यावर ते थांबले, आणि "पाहिलं का?" असं म्हणत मागे वळले.

मागे कोणी नव्हतं. उस्ताद दुसऱ्या कोणाला उठवत होते. एवढ्या मोठ्या डोंगरावर बद्रीनाथरावांना एकदम फार एकटं वाटलं. त्यांना द्वारकाबाईंची आठवण आली. तिने हे पाहायला हवं होतं. बाकी जगाने नाही पाहिलं तरी चाललं असतं. त्यांनी जाकिटात ठेवलेला तांब्या काढला, आपल्या फळ्यांच्या खुणेतला बर्फ त्यात दाबून भरला आणि झाकण घट्ट लावलं.

जालन्यात मावंद्याची तयारी झालेलीच होती. दारात मांडव, पाटावर लांब खडावा, त्यांना झेंडूचा हार. बद्रीनाथरावांना बाजूच्या पाटावर बसवलं. तांब्यातल्या बर्फाचं पाणी झालं होतं. गिरिजाबाईंनी ते पळीपळीने सगळ्या मस्तगडाला तीर्थ म्हणून वाटलं. आपला डोंगर असा लोकांच्या तळहातावरून नाहीसा होताना ते बघत बसले.

"दर्शन झालं?" भुजंगरावांनी विचारलं.

"देऊळ बंद होतं. पण भुजंगराव, मी उभ्यानं घसरलो! वरपासून खालपर्यंत!"

"अरे बाप रे! लागलं न्हाई ना?"

"न्हाई हो, म्हंजे मुद्दाम..."

"देवानं राखलं. कोट होता म्हून वाचले," भुजंगराव म्हणाले आणि समाधानाने वरणाकडे वळले.

बद्रीनाथरावांनी आणखी दोघांना सांगून पाहिलं. एकाने हळद-तेल चोळायला सांगितलं. मग त्यांनी सांगणं सोडून दिलं. लाल जाकीट परत करावं लागलं होतं, फोटो कोणी काढला नव्हता, आणि साक्षीला आणलेलं पाणी लोकांच्या पोटात गेलं होतं. ते जेवले थोडंच. द्वारकाबाई वाढता वाढता त्यांच्याकडे बघत होत्या.

पुढच्या रविवारी प्रसाद द्यायला दोघं हसनाबादला निघाली. द्वारकाबाईंनी खडावा बरोबर घेतल्या. म्हणाल्या, सर्जेरावच्या घरच्यांचा त्यांना नमस्कार करायचा राहिलाय. गावाबाहेर पाझर तलाव आहे. त्याच्या कामाची सगळी बिलं कचेरीत बद्रीनाथरावांच्याच टेबलावरून गेली होती, पण बांधावर ते कधी चढले नव्हते. पाण्याच्या बाजूला दगड बसवलेले, आणि मागच्या बाजूला लांब मातीचा उतार, त्यावर ओसरत्या थंडीत वाळून सोन्यासारखं झालेलं कुसळी गवत. द्वारकाबाई तिथं थांबल्या. इकडेतिकडे बघितलं. चिटपाखरू नव्हतं.

"खरं सांगा," त्या म्हणाल्या, "कसं असते ते?"

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलं नव्हतं. बद्रीनाथरावांनी खडावा पायात चढवल्या, टाचांना दोऱ्या बांधल्या, झेंडूची वाळकी फुलं झटकली आणि बांधाच्या माथ्यावर उभे राहिले. गवत निसरडं होतं, सागवान आरशासारखं होतं. गुडघे वाकवले. ते गेले. हिमालयाइतकं नाही, पण गेले. सरळ, उभ्याने, पार खालच्या बोरीपर्यंत. खाली थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं.

द्वारकाबाई वर उभ्या होत्या. दोन्ही हात तोंडावर. त्यांनी पाहिलं होतं.

"पाहिलं का?" ते ओरडले.

"पाहिलं! इकडं आना त्या!"

"काय?"

"खडावा आना म्हन्ते जल्दी. कोनी यायच्या आत."

ते धापा टाकत वर आले. द्वारकाबाईंनी पदर खोचला, निऱ्या वर घेतल्या, कमळांना एकदा हात लावून कपाळाला लावला आणि खुंट्यांत अंगठे घातले. पहिल्यांदा त्या निम्म्यात बसल्या आणि गवतावरून तशाच खाली गेल्या. बद्रीनाथराव घाबरून धावले. पण खालून हसू आलं. असं हसू त्यांनी लग्नाला इतकी वर्षं होऊन घरात ऐकलं नव्हतं. केसांत गवत, कोपराला माती, आणि त्या दोन्ही खडावा काखेत मारून वर चढतच होत्या.

"अंग ढिलं सोडा," बद्रीनाथराव सांगू लागले. "गुडघे वाकवा. नजर समोर ठेवा. अन् पहिल्यांदा बिलकुल मधून जाऊ नका, त्या कडेनं जा, तिथं उतार कमी हाय. मी म्हन्तो ना, सामानाचं कसं असते..."

"ओ," द्वारकाबाई म्हणाल्या. दोरी बांधता बांधता त्यांनी मान वर केली. "बाजूला व्हा. माझं मला ठरवू द्या."

इतके दिवस बद्रीनाथरावांच्या घशात अडकलेलं वाक्य एका बाईने दोरीची गाठ मारता मारता सहज म्हणून टाकलं होतं. ते बाजूला झाले. द्वारकाबाईंनी कडेचा उतार सोडला, बांधाच्या बरोबर मध्यावर जाऊन उभ्या राहिल्या, आणि निघाल्या.